यंदापुरता उन्हाळा

नगरपालिकेच्या सभागृहात सातव्या क्रमांकाचा विषय पुकारला गेला आणि ठरावमास्तरांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवून दिलं. पुढचा तास-दीड तास लिहिण्याजोगं काही घडणार नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. ते पालिकेच्या सभा विभागातले कारकून. एकोणतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. सभेत लोक जे काही बोलतात त्यातून अर्थ निघालाच, तर तो ठरावाच्या भाषेत लिहून काढायचा. 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' यांच्यामध्ये जगातली कुठलीही गोष्ट बसवता येते असं ते म्हणत, आणि बसवूनही दाखवत. म्हणून शिपायापासून अध्यक्षबाईंपर्यंत सगळे त्यांना ठरावमास्तरच म्हणायचे.

विषय अगदी साधा होता. रस्ते झाडणाऱ्या कामगारांच्या उन्हाळ्यातल्या वेळा बदलायच्या. सकाळी सात ते दुपारी तीन असं काम न देता पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ असं द्यायचं. शिवाय बाजार, बसथांबा, कोर्ट आणि हॉस्पिटल अशा चार ठिकाणी सावलीला छपरं घालायची आणि तिथं प्यायचं पाणी ठेवायचं. एवढंच. सभागृहातल्या एकवीस सभासदांपैकी एकाचाही याला विरोध नव्हता. तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? अडलं होतं पहिल्या ओळीत.

पहिली ओळ अशी होती: 'हवामानबदलामुळे वाढत चाललेल्या उष्म्याचा विचार करता...'

ही ओळ भूगोलाच्या बाईंनी घातली होती. बाई कॉलेजात पस्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता विरोधी पक्षाच्या नेत्या. ती ओळ खोडल्याशिवाय हात वर करणार नाही, असं सत्ताधाऱ्यांच्या फोरमनसाहेबांनी जाहीर केलं होतं. फोरमनसाहेब सिमेंटच्या कारखान्यात भट्टीवर तीस वर्षं होते. गावाला गाव म्हणावं असं जे काही होतं, ती शाळा, तो दवाखाना, तो पूल, ते सगळं त्या कारखान्यामुळं उभं राहिलं, हे ते दर सभेत एकदा तरी सांगत. हवामानबदल हा शब्द निघाला की त्यांना वाटे, कुणीतरी आपल्या तोंडावर आपल्या आयुष्याला नावं ठेवतंय.

मग काय, दोघांची जुंपायची. बाई बर्फाच्या डोंगरांपासून सुरुवात करायच्या. साहेब म्हणायचे, माणूस नव्हता तेव्हाही पृथ्वी तापली होती, तेव्हा कुणाचा कारखाना होता? बाई आकडे वाचून दाखवायच्या. साहेब विचारायचे, बाईंच्या घरात वातानुकूलित खोल्या किती? कुणी म्हणायचं, हे सगळं प्रगतीच्या आड येणाऱ्यांचं कारस्थान आहे. कुणी म्हणायचं, असली प्रगती हवी कुणाला? मग त्यावर पंधरा मिनिटं गलका. शेवटी अध्यक्षबाई घड्याळाकडे बघून विषय पुढच्या सभेवर ढकलायच्या, आणि सगळे चहाला जायचे.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत अशा सहा सभा झाल्या. मास्तरांनी मसुदा अकरा वेळा लिहिला. 'हवामानातील बदलांमुळे' लिहून पाहिलं, साहेबांनी खोडलं. 'हवामानातील चढउतारांमुळे' लिहिलं, बाई म्हणाल्या, हा शास्त्राचा अपमान आहे. 'वातावरणीय कारणांमुळे' लिहिलं, तर ते कुणालाच कळलं नाही म्हणून दोघांनीही खोडलं. मास्तर घरी येऊन चपला अशा काढायचे की बायकोला आवाजावरून कळायचं, आज सातवा विषय होता.

"अहो, पण तुम्हाला काय वाटतं? दोघांतलं खरं कोण बोलतंय?" तिनं एकदा जेवताना विचारलं.

"मी कुणाच्याच बाजूनं नाही. मी कागदाच्या बाजूनं आहे," मास्तर म्हणाले. या वाक्याचा त्यांना स्वतःलाच थोडा अभिमान वाटला.

या सहाही सभांना सभागृहाबाहेरच्या बाकावर एक बाई येऊन बसायची. ती झाडूवाल्यांची मुकादम. तिच्या हाताखाली चाळीस माणसं होती आणि ती सगळी तिला आक्का म्हणायची, वयानं मोठी असलेलीसुद्धा. आक्काचा नवरा सिमेंटच्या कारखान्यात फोरमनसाहेबांच्याच पाळीत होता. त्याला जाऊन सात वर्षं झाली होती. सभा संपली की ती उठून उभी राहायची आणि मास्तरांना विचारायची, झालं का? मास्तर मान हलवायचे. सहाव्या वेळी मात्र तिनं विचारलं, अडलंय तरी कशावरून? मास्तरांनी सांगितलं, एका शब्दावरून. आक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. मग पदरानं मान पुसत जिना उतरून गेली. बाहेर साडेबारा वाजले होते आणि तिची माणसं रस्त्यावर होती.

तिचं ते बघणं मास्तरांना झोंबलं. त्यांनी मनाशी ठरवलं, आता बास. ही दोन माणसं जन्मभर भांडोत, आपण यातून वाट काढायची. आणि कोर्टापुढच्या टपरीवर चहा पिताना त्यांना वाट सापडली. त्यांनी चहा तसाच टाकला, ऑफिसात येऊन कागद घेतला आणि लिहिलं:

'यंदाच्या असाधारण उन्हाळ्याचा विचार करता...'

त्यात हवामानबदल नव्हता, म्हणून फोरमनसाहेब खूश. 'असाधारण' होतं, म्हणून काहीतरी विपरीत घडतंय हे तरी कबूल झालं, असं म्हणून बाईही थकून तयार झाल्या. ठराव चार मिनिटांत एकमतानं मंजूर झाला. अध्यक्षबाईंनी मास्तरांचं नाव घेऊन आभार मानले. एकोणतीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं होतं. मास्तर सभागृहातून बाहेर पडले ते जमिनीपासून वीतभर वरूनच.

आक्काला त्यांनी बातमी सांगितली, वर हौसेनं ठरावाची ओळही वाचून दाखवली. आक्का खूश झाली, पण लगेच म्हणाली, "यंदाच्या म्हणजे? मग पुढच्या वर्षाचं काय?"

"पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू, आक्का. आज तर पेढा खा," मास्तर हसून म्हणाले.

त्या वर्षी सगळं सुरळीत पार पडलं. छपरं उभी राहिली. दहा वाजता झाडू खाली ठेवून माणसं घरी जाऊ लागली. आक्कानं दोनदा मुद्दाम ऑफिसात येऊन सांगितलं की यंदा एकालाही चक्कर आली नाही. पाऊस सुरू झाला तशी छपरं उतरवून भांडारात गेली आणि मास्तरही तो विषय विसरून गेले.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा मात्र कुणाची वाट बघत थांबला नाही. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात रस्त्यावरचं डांबर मऊ पडायला लागलं. आक्का स्वच्छता निरीक्षकाकडे गेली: वेळा बदला, भांडारातली छपरं बाहेर काढा. निरीक्षक माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. त्यानं जुना ठराव काढून वाचला आणि त्याचं बोट पहिल्याच ओळीवर अडलं. 'यंदाच्या' म्हणजे गेल्या वर्षीच्या. हा ठराव आता चालतो का? त्यानं रीतसर फाइल करून सभा विभागाकडे अभिप्रायाला पाठवली. म्हणजे मास्तरांकडेच.

मास्तर त्या फाइलवर बराच वेळ बसून राहिले. शब्द त्यांचाच होता. त्याचा अर्थ बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. शेवटी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सदर ठराव मागील वर्षापुरता असल्याने चालू वर्षास लागू होत नाही, असे नम्र मत आहे. नवीन ठराव घ्यावा.' खाली सही केली.

नवीन ठरावाचा विषय सभेपुढे आला. मास्तरांना वाटलं होतं, मागच्याच ओळीत वर्ष बदलून टाकू, दोन मिनिटांचं काम. पण फोरमनसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, गेल्या वर्षी असाधारण उन्हाळा होता असं याच सभागृहानं लिहून दिलंय. असाधारण गोष्ट एकदा होते. ती दरवर्षी व्हायला लागली तर तिला असाधारण कसं म्हणायचं? यावर भूगोलाच्या बाई कडाडल्या, हेच तर मी वर्षभर सांगतेय, दरवर्षी होतंय म्हणूनच त्याला हवामानबदल म्हणतात. गेल्या वर्षी मी नमतं घेतलं ती माझी चूक झाली, या वेळी तो शब्द आल्याशिवाय मी हात वर करणार नाही. साहेब म्हणाले, तो शब्द आला तर मी करणार नाही. पुन्हा बर्फाचे डोंगर आले, पुन्हा वातानुकूलित खोल्या आल्या. दीड तासानं सभा तहकूब झाली.

चहाच्या वेळी फोरमनसाहेब मास्तरांजवळ येऊन हळूच बोलले होते. "मास्तर, मला ऊन दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? पण उद्या कुणी हा पालिकेचा कागद घेऊन कोर्टात गेलं, की बघा, गावच म्हणतंय हवामान बिघडलं, बंद करा कारखाना, तर चौदाशे घरं कुठं जातील?" मास्तरांनी मान डोलावली. बाईंनीही जाता जाता त्यांना गाठलं होतं. म्हणाल्या, पस्तीस वर्षं मी हे शिकवलं आणि पस्तीस वर्षं लोक हसले; आता हसू देणार नाही. मास्तरांनी त्यावरही मान डोलावली. दोघांचंही पटण्यासारखं होतं. मास्तरांचं सगळ्यांचंच पटायचं, म्हणून तर ते चांगले कारकून होते.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तर डबा उघडत होते तेवढ्यात निरीक्षकाचा फोन आला. बाजारामागं कचऱ्याचा ढीग उचलताना झाडूवाल्यांतली एकजण पडली. सगळे तिला धाकटी म्हणत, कारण ती आक्काची धाकटी जाऊ. वय चौतीस. पडण्याआधी ती असंबद्ध बोलत होती, आणि हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. रिक्षा मिळेना. तेव्हा आक्कानं कचऱ्याची ढकलगाडी रिकामी केली, त्यावर ओलं पोतं टाकलं, धाकटीला आडवं केलं आणि ती गाडी ढकलत हॉस्पिटलपर्यंत पळवली. भर बाराच्या उन्हात, सव्वा मैल.

मास्तरांनी डबा तसाच ठेवला आणि ते निघाले.

हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर लांबट बोळ होता आणि भिंतीला लोखंडी बाकं. आक्का एका बाकावर बसली होती. हाताला गाडीच्या दांड्याचे फोड आले होते. ती म्हणाली, डॉक्टर सांगतात उष्माघात, ताप एकशे सहावर गेलाय, बर्फात ठेवलंय, अजून ओळखत नाही. मास्तर तिच्या शेजारी बसले.

थोड्या वेळानं फोरमनसाहेब आले. आपल्या पाळीतल्या माणसाच्या घरचं माणूस म्हणून धावत आले होते, धाप लागली होती. त्यांच्या मागोमाग भूगोलाच्या बाई आल्या. धाकटी त्यांच्याच गल्लीत झाडायची आणि रोज सकाळी त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. दोघांचेही चेहरे उतरलेले होते. दोन मिनिटं सगळे माणसांसारखे उभे राहिले.

आणि मग, तुमचा विश्वास बसणार नाही, दोघांनी पुन्हा सुरू केलं. बाई म्हणाल्या, आता तरी पटलं ना? साहेब म्हणाले, तिच्या अंगात रक्त कमी होतं, डॉक्टरला विचारा, प्रत्येक गोष्टीचं राजकारण करू नका. बाई म्हणाल्या, राजकारण तुम्ही करताय. साहेब म्हणाले, तुम्ही शब्दाचा हट्ट सोडला असता तर चार दिवसांपूर्वीच ठराव झाला असता. बाई म्हणाल्या, तो हट्ट तुमचा. आवाज चढत गेले. वॉर्डातून नर्स डोकावून गेली. पाच पावलांवर, दाराच्या आत, बर्फात ठेवलेलं माणूस होतं.

"बास," आक्का म्हणाली. ती उठलीही नाही. "दोघंही बसा. खाली बसा."

दोघंही बसले. का बसले ते त्यांनाही कळलं नसावं.

आक्का आधी मास्तरांकडे वळली. "मास्तर, गेल्या वर्षी तुम्हाला वाटलं तुम्ही आमचं भलं केलंत. तुम्ही ह्या दोघांचं भांडण मिटवलंत. आमचं ऊन नाही मिटवलंत. 'यंदा' लिहिताना तुम्हाला माहीत नव्हतं का, की पुढच्या वर्षीही असंच तापणार आहे?"

मास्तर म्हणाले, "माहीत होतं."

"मग?"

"मला कुणाची बाजू घ्यायची नव्हती, आक्का."

"बाजू कोण घ्या म्हणतंय? खरं तेवढं लिहायचं होतं. सव्वीस वर्षं झाडू मारते मी. पहिली दहा-बारा वर्षं उन्हाळ्यातही भर बाराला झाडायचो आणि वर गप्पा मारायचो. आता दहाला चपलेतून चटका बसतो. हे मला कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नाही. आणि दरवर्षी इथं कुणीतरी म्हणतं, यंदा जरा जास्तच आहे. आम्हाला दरवर्षी यंदाच असतं."

मग ती फोरमनसाहेबांना म्हणाली, "साहेब, कारखाना माझा वैरी नाही. माझा नवरा तिथं होता, त्या पगारावर माझ्या दोन्ही मुली शिकल्या. पण मला सांगा, मला साखर आहे असं डॉक्टरनं कागदावर लिहिलं, म्हणून गावातलं मिठाईचं एक तरी दुकान पाडलं का कुणी? नाही ना? पण त्यानं लाजून लिहिलंच नसतं, तर मला गोळी कुणी दिली असती? आजार लिहायचा असतो तो औषधासाठी. तुम्ही आजाराच्या नावालाच भिता, आणि आजारी पडतो आम्ही."

साहेबांनी मान खाली घातली. बाई पुढं सरसावल्या, "अगदी बरोबर बोललात, हेच मी..."

"तुम्हीही ऐका बाई," आक्का म्हणाली. "तुमचं खरं आहे, मला कधीच शंका नव्हती. पण चार दिवसांपूर्वी तुम्ही खरं जिंकायला बसला होतात. आणि ते जिंकेपर्यंत आमच्या वेळा अडवून धरल्यात. खरं सांगणाऱ्यानं तर जास्त घाई करायला हवी होती. तुम्हाला माहीत होतं ना काय होणार ते?"

बाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. त्यांनी चष्मा काढला आणि तो नुसता हातात धरून बसल्या. आतून यंत्राचा टिकटिक आवाज तेवढा येत होता.

मास्तर तिथून उठले ते घरी गेले नाहीत. ते थेट पाणीपुरवठ्याच्या टाकीवर गेले. तलावातलं किती पाणी उन्हानं उडून जातं हे मोजण्यासाठी तिथला ऑपरेटर रोज दुपारी दोन वाजता तापमान लिहून ठेवतो, हे त्यांना माहीत होतं. त्या वह्या दरवर्षी मास्तरांच्याच हाताखालून दप्तरखान्यात जात. पोच म्हणून सही करायची आणि कपाटात टाकायच्या, एवढाच त्यांचा आणि त्या वह्यांचा संबंध. आता ते ऑपरेटरला घेऊन दप्तरखान्यात आले आणि दोघं दोन दिवस त्या वह्या उलगडून बसले. एकतीस वर्षांच्या वह्या होत्या. पहिल्या दहा वर्षांत चाळीस अंशांच्या वर गेलेले दिवस वर्षाला सरासरी नऊ. शेवटच्या दहा वर्षांत सदतीस. ऑपरेटरनं बेरीज दोनदा करून पाहिली. मास्तर मात्र स्वतःच्या सह्यांकडे बघत होते. पहिल्या एक-दोन सोडल्या तर प्रत्येक वहीच्या शेवटी त्यांची सही होती. सगळं गाव तापत गेलेलं त्यांच्या सहीनिशी कपाटात पडून होतं, आणि ते आपले 'असाधारण' लिहून मोकळे झाले होते! स्वतःचीच एवढी चीड त्यांना पूर्वी कधी आली नव्हती.

तातडीची सभा भरली. विषय पुकारला गेला आणि मास्तर उभे राहिले. ठराव आणि इतिवृत्त वाचण्यापलीकडं त्या सभागृहात त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. अध्यक्षबाईंनाही काय करावं सुचेना, त्यांनी नुसती मान डोलावून परवानगी दिली.

मास्तर म्हणाले, "गेल्या वर्षीच्या ठरावातला 'यंदाच्या' हा शब्द माझा. तो खोटा होता, आणि लिहिताना तो खोटा आहे हे मला ठाऊक होतं. सभा लवकर संपावी म्हणून मी तो लिहिला. त्याची शिक्षा मला झाली नाही, ज्या बाईला झाली ती हॉस्पिटलात आहे." मग त्यांनी एकतीस वर्षांचे आकडे वाचून दाखवले. एकही आकडा त्यांनी गाळला नाही.

सगळे फोरमनसाहेबांकडे बघायला लागले. साहेब सावकाश उठले.

"तीस वर्षं ती भट्टी मी पेटवली," ते म्हणाले. "धूर कुठं गेला हे मला कुणी शिकवायला नको. लिहा. हवामानबदल लिहा, आणि त्यात माणसाचा हात आहे तेही लिहा. पण ज्यांनी ती भट्टी पेटवली त्यांना गुन्हेगार म्हणू नका. आम्ही पोटासाठी पेटवली, तुमच्या शाळांसाठी पेटवली. आणि मास्तर, अजून एक ओळ घाला. भट्टीवरच्या माणसांना उन्हाळ्यात दुपारची पाळी नको, अशी पालिका कारखान्याला शिफारस करते म्हणून. मीच घेऊन जातो तो कागद साहेब लोकांकडं."

भूगोलाच्या बाई उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता व्याख्यान. पण त्या एवढंच म्हणाल्या की मी ज्या कॉलेजात हे सगळं शिकवलं, त्याच्या भिंतींतलं सिमेंट साहेबांच्याच भट्टीतलं आहे, हे मी पस्तीस वर्षांत एकदाही मुलांना सांगितलं नाही. माझं अनुमोदन. आणि त्या बसल्या.

ठराव मंजूर झाला, पण एकमतानं नाही. दोघांनी विरोधात हात वर केले आणि ते नोंदलं गेलं. मास्तरांनी तेही स्वच्छ अक्षरात लिहिलं. या वेळी ठरावात 'दरवर्षी' होतं, 'एक मार्चपासून' होतं, आणि पुन्हा सभेपुढे आणण्याची गरज नाही असंही होतं. छपरं भांडारातून निघायला तरी आठ दिवस लागलेच. कारखान्यानं पाळीची शिफारस निम्मी मानली, निम्मी नाही. फोरमनसाहेब अजून खेटे घालताहेत. बाई आणि ते अजूनही भांडतात, पण आता भांडण असतं ते झाडं कुठं लावायची आणि बसगाड्या कुठल्या घ्यायच्या यावरून. आणि भांडून झालं की काहीतरी ठरतं.

धाकटी वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली. पण तिचे हात थरथरतात, चालताना तोल जातो आणि बोलताना शब्द अडखळतो. झाडू तिला पुन्हा धरता आला नाही. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी थंडाव्यात आली असती तर एवढं झालं नसतं. मास्तर तिला भेटायला गेले. तो शब्द आपला होता, हे तिला स्वतः सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांनी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग अडखळत म्हणाली, खुर्ची जरा आत सरकवा, पायावर ऊन आलंय. मास्तरांनी खुर्ची सरकवली आणि तिचे पाय सावलीत आले. माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही. मास्तरांनीही विचारलं नाही.

वाचकहो, हा विषय तुमच्या-आमच्या सभागृहांत, जेवणाच्या टेबलांवर आणि फोनवरही रोज निघतो. कुणी प्रगतीच्या बाजूचा असतो, कुणी हवामानाच्या, आणि बाकीचे आपण मास्तरांसारखे, दोन्हीकडं मान डोलावून वाद मिटवणारे. वाद मिटवणं चांगलंच, पण खोट्यावर मिटवलेला वाद कुणाच्या तरी अंगावर पडतो, आणि ज्याच्या अंगावर पडतो तो त्या खोलीत बसलेला नसतो. माणसानं कारखाने उभारले ही प्रगती होती. त्यांचा धूर मोजायला तो शिकला, हीदेखील त्याच प्रगतीतली पुढची पायरी आहे. ती चढायला घाबरणारा माणूस प्रगतीचा राखणदार नव्हे, आणि पायरीवर उभं राहून खालच्यांना हिणवणाराही नव्हे. तेव्हा जे दिसतंय ते त्याच्या नावानं लिहू या, 'यंदा' न म्हणता लिहू या. आणि लिहून झालं की आधी जो उन्हात उभा आहे त्याला सावलीत घेऊ या, बाकीचं मग सावलीत बसून भांडता येईल.